१९९१ च्या मियाटाला २००२ चे ब्रेक: बसतात, पण आधी डिस्क मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सॅन होजेला राहता. गाडी १९९१ ची माझदा मियाटा, इंजिन १.६, एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, रिम मूळचेच १४ इंची. ओळखीच्या एकाने २००२ च्या मियाटाचे ‘स्पोर्ट’ ब्रेक काढून ठेवलेत. त्यात चारही कॅलिपर (ऑइलच्या दाबाने घर्षणाचे पॅड डिस्कवर दाबणारे भाग), ते धरणारे ब्रॅकेट आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क आहेत आणि तो ३०० डॉलर मागतोय. पुढच्या महिन्यात तुम्हाला लगुना सेका या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी तिथे पळवायला जायचंय. तुमचे प्रश्न तीन: हे थेट बसतील का, गाडी लवकर थांबेल का आणि वेळ कमी असल्यामुळे सध्या फक्त पुढचे बसवले तर चालेल का.

थेट बसतील, फक्त तुमच्या सध्याच्या रिममध्ये मावणार नाहीत. गाडी लवकर थांबणार नाही, निदान पहिल्या ब्रेकला तरी नाही. आणि फक्त पुढचे बसवण्याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण खरी मेख तिथे आहे.

मी चाकणला ब्रेकच्या चाचणी विभागात होतो, आता इथे बे एरियात छोटं गॅरेज चालवतो. जुन्या मियाटा दारात सतत असतात आणि दर दुसरा मालक हाच प्रश्न घेऊन येतो. प्रत्येकाला आधी विचारतो ते तुम्हालाही विचारतो. आत्ताच्या ब्रेकवर रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर जोरात पाय दिला तर चाकं जाम होतात का? टायर किंचाळून घसरतात का? होत असतील, तर तुमच्या ब्रेकमध्ये टायरच्या पकडीपेक्षा जास्त ताकद आजही आहे. गाडी थांबवतो तो टायर. ब्रेक फक्त चाक थांबवतो. टायरची पकड संपल्यावर डिस्क २३५ मिमीची असो की ताटाएवढी, थांबण्याचं अंतर तेवढंच राहतं. १०० च्या वेगावरून एकदा थांबायचं असेल तर मोठ्या ब्रेकवर पैसे घालण्यापेक्षा चांगले टायर घ्या. तुमच्या गाडीचे टायर किती साली बनलेत ते आधी बघा. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. शेवटी १४ किंवा १५ असेल तर हे उत्तर इथेच मिटवून टायरच्या दुकानात जायला हरकत नाही.

मग माझदाने दर काही वर्षांनी डिस्क मोठी का केली? उष्णतेमुळे.

हिशोब सोपा आहे. तुमच्यासकट गाडी १०५० किलो धरा. ताशी १०० किमीवरून थांबताना साधारण ४०५ किलोज्यूल ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. मियाटाचं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं असलं तरी जोरात ब्रेक लावल्यावर भार पुढे सरकतो आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढच्या दोन चाकांवर येतं. म्हणजे पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला १४० किलोज्यूल. लोखंडी डिस्क ४ किलोची धरली तर तिचं तापमान एका दमात पंचाहत्तर-ऐंशी अंशांनी चढतं. रस्त्यावर हे काहीच नाही, पुढच्या सिग्नलपर्यंत ती निवते.

आता लगुना सेका घ्या. ३.६ किमीचा ट्रॅक, अकरा वळणं. सुरुवातीच्या सरळ पट्ट्यानंतर गाडी उंचवटा ओलांडून खाली उतरते आणि समोर येतं दुसरं वळण, अँड्रेटी हेअरपिन. १.६ ची गाडी तिथे दीडशेच्या आसपास पोचते आणि पासष्टवर आणावी लागते. या एका ब्रेकमध्ये साधारण ७४० किलोज्यूल निघतात, म्हणजे पुढची डिस्क एका झटक्यात १४० अंशांनी तापते. ती निवायच्या आत पुढची वळणं येतात. मग चढ चढून कॉर्कस्क्रू या उताराच्या नागमोडी वळणाच्या तोंडाशी पुन्हा जोरात ब्रेक, आणि शेवटी अकराव्या, सगळ्यात घट्ट वळणाला पुन्हा. असं वीस मिनिटं चालतं. दर फेरीला डिस्क थोडी आधीपेक्षा जास्त तापलेली असते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी हाच हिशोब घाटात मांडतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी साधारण १२०० मीटर खाली येते. त्याच १०५० किलोच्या गाडीची ती ऊर्जा होते १२,००० किलोज्यूलच्या वर, म्हणजे १०० वरून तीस वेळा थांबण्याइतकी. हे सगळं ब्रेकवर टाकलं तर पायथ्याशी पोचेपर्यंत जळका वास येणारच. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हे जुने ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. त्यातला मोठा वाटा इंजिन खातं. ट्रॅकवर मात्र इंजिनावर टाकायला वेळच मिळत नाही.

उष्णता वाढली की दोन वेगळ्या गोष्टी बिघडतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली: पॅड त्याच्या कामाच्या तापमानाबाहेर जातो. पेडल कडकच राहतं, पण गाडी थांबत नाही, कितीही दाबा. दुसरी: कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल उकळतं. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट जमिनीला टेकतं. दुसरी जास्त वाईट, कारण ती आधी काही सांगत नाही. एका वळणाला पेडल ठीक, पुढच्याला पायाखाली काहीच नाही. तसं झालंच तर पेडल भराभर पंप करायचं आणि गिअर उतरवायचे.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. जुन्या मियाटांमध्ये कित्येकदा चहासारखं तपकिरी ऑइल सापडतं, मालकाला ते कधी बदललं तेही आठवत नाही. अशा गाडीला मोठी डिस्क लावून ट्रॅकवर नेण्यात काही अर्थ नाही. ताजं डॉट ४, ट्रॅकच्या तापमानाला टिकणारे पॅड आणि नवे होज (कॅलिपरपर्यंत ऑइल नेणाऱ्या रबरी नळ्या) एवढ्यावर मूळ २३५ मिमीच्या डिस्कसुद्धा नवख्या चालकाचा पहिला ट्रॅक डे सहज काढतात. डॉट ५ मात्र चुकूनही घालू नका. ते सिलिकॉनचं असतं आणि तुमच्या ऑइलमध्ये मिसळत नाही. नाव सारखं असलं तरी डॉट ५.१ वेगळं, ते चालतं.

आता मापं. तुमच्या १.६ ला पुढे २३५ मिमीची, १८ मिमी जाडीची डिस्क आहे, मागे २३१ ची. १९९४ ला १.८ इंजिन आलं तेव्हा पुढची २५५ झाली, जाडी २०, आणि मागची २५१. २००१ नंतरच्या काही गाड्यांना स्पोर्ट ब्रेक आले. पुढे २७०, जाडी २२, मागे २७६. हो, मागची पुढच्यापेक्षा मोठी आहे, टायपिंगची चूक नाही. चाकाच्या मागचा नकल (ज्यावर ब्रॅकेट बसतो तो भाग) या सगळ्या वर्षांत असा राहिला की ब्रॅकेटची भोकं जुळतात, म्हणून हे काम वेल्डिंग-लेथशिवाय होतं. म्हणूनच मियाटावाले लोक या अदलाबदलीच्या मागे लागतात.

मोठ्या डिस्कने ताकद किती वाढते? ब्रेकचा टॉर्क म्हणजे ऑइलचा दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ, पॅडचा घर्षणगुणांक आणि पॅड जिथे चावतो तिथली त्रिज्या यांचा गुणाकार. १.६ वरून १.८ ला जाताना पिस्टन तोच राहतो, बदलते ती त्रिज्या. पॅडची उंची ४० मिमी धरली तर पॅडच्या मध्यापर्यंतची त्रिज्या ९७ वरून १०७ होते. म्हणजे त्याच पायाला दहा टक्के जास्त ताकद. स्पोर्टच्या २७० ला ती ११५ होते, म्हणजे अठरा टक्के. रस्त्यावर चालवताना हा फरक ‘पेडल जरा तेज झालं’ एवढाच जाणवतो. लोक मात्र पहिल्या दिवशी म्हणतात की गाडी निम्म्यात थांबते. त्यांनी डिस्कबरोबर पॅड आणि ऑइलही नवं घातलेलं असतं, श्रेय सगळं डिस्कला जातं.

इथे मास्टर सिलिंडरची, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब आणणाऱ्या सिलिंडरची गोष्ट येते. तुमच्या गाडीचा ७/८ इंची आहे, स्पोर्टवाल्याचा १५/१६. तो विकणारा कदाचित ‘हापण घे, पेडल कडक होईल’ म्हणेल. पेडल कडक होईल हे खरं. पण क्षेत्रफळ १५ टक्के वाढल्यामुळे तेवढाच दाब आणायला पायाला १५ टक्के जास्त जोर लावावा लागेल. डिस्कने दिलेलं जवळपास सगळं सिलिंडरने परत घेतलं. काहींना असं कडक पेडल आवडतं, टाचेने थ्रॉटल मारायला सोपं जातं. नावडण्यासारखं त्यात काही नाही. पण ताकदीसाठी घेत असाल तर उलटा सौदा आहे. तुमचा जुना सिलिंडर गळत नसेल तर आहे तसा राहू द्या.

आता तिसरा प्रश्न, फक्त पुढचे बसवण्याचा. पुढची ताकद अठरा टक्के वाढली आणि मागची तीच राहिली, की पुढची चाकं आणखी लवकर जाम होणार. जाम झालेलं चाक वळत नाही, गाडी सरळ जाते. हे धोकादायक कमी आणि वाया घालवणारं जास्त: मागचे टायर निम्म्या क्षमतेवर बसून राहतात आणि पुढचे सगळं काम करतात. थांबण्याचं अंतर काही वेळा मूळपेक्षा वाढतं. म्हणजे ३०० डॉलर देऊन गाडी उशिरा थांबवायची.

उलटं झालं तर मात्र गंभीर आहे. मागचे मोठे, पुढचे लहान, तर मागची चाकं आधी जाम होतात. मियाटाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२६५ मिमी, म्हणजे अगदी आखूड. एबीएस नाही. ओल्या रस्त्यावर वळणात ब्रेक लागला की मागचा भाग पुढे यायला निघतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. आता वरची मापं परत बघा. स्पोर्टमध्ये पुढे २३५ ची २७० होते, मागे २३१ ची २७६. मागची वाढ टक्केवारीत पुढच्यापेक्षा जास्त आहे. त्या गाडीचा पुढच्या-मागच्या दाबाची वाटणी करणारा व्हॉल्व्ह या मापांसाठी निवडलेला होता. तुमचा फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) व्हॉल्व्ह २३५-२३१ साठीचा आहे. म्हणून चारही स्पोर्ट बसवले तरी ‘कारखान्यात होते तसेच आहेत’ असं धरू नका, चाचणी करा. कशी ते खाली सांगतो. १.८ चा संच घेतलात तर पुढे २० मिमी वाढते, मागेही २०, वाटणी जवळपास तीच राहते. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या, महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅकवर जाणाऱ्या १.६ ला मी डोळे झाकून १.८ चा संच सुचवतो. तुमचेच कॅलिपर त्या ब्रॅकेटवर बसतात. लागतात चार ब्रॅकेट, चार डिस्क आणि पॅड. भंगारच्या यार्डातून ब्रॅकेट आणा, डिस्क आणि पॅड नवे घ्या.

शिवाय १.८ चे ब्रेक १४ इंची रिममध्ये मावतात, कारण १९९४ च्या गाड्या १४ इंचीवरच आल्या. स्पोर्टला किमान १५ इंची लागतात आणि १५ चे सगळे रिम चालतात असंही नाही. रिमच्या आतल्या भिंतीपेक्षा स्पोकची पाठ कॅलिपरला घासण्याची शक्यता जास्त. विकत घेण्याआधी कॅलिपर, पॅड, डिस्क जोडून चाक एकदा हाताने चढवा आणि पूर्ण एक फेरा फिरवा. स्पोक आणि कॅलिपरमध्ये ३ मिमी तरी फट हवी. चाकाचं वजन समतोल करायला आतून चिकटवलेल्या पट्ट्या असतात, त्याही बघा. चाक मोकळं फिरतं आणि पट्टी मात्र कॅलिपर खरवडून नेतो. आणि स्टेपनी! डिकीतली ती बारीक १४ इंची स्टेपनी स्पोर्टच्या पुढच्या कॅलिपरवर चढणार नाही. हायवे १ वर रात्री पंक्चर झाल्यावर हे कळणं फार वाईट.

तो माणूस ‘स्पोर्ट’ म्हणतोय म्हणून स्पोर्ट असतीलच असं नाही. २००१ नंतरच्या बऱ्याच गाड्या २५५ च्याच होत्या. मापटेप घेऊन जा. पुढची डिस्क २७०, मागची २७६, यात काही बसलं नाही तर पुढचं बोलणंच नको. मग डिस्कच्या कडेला किंवा टोपीवर कोरलेली किमान जाडी वाचा आणि व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजा. कॅलिपरचा पिस्टन बाहेर काढून दाखवायला सांगता येत नाही, पण रबरी बूट उचलून पिस्टनच्या कडेवर गंज आहे का ते दिसतं. खड्डे पडलेले असतील तर नवा सील घालूनही गळणार. स्लाइड पिन बोटांनी हलल्या पाहिजेत. गाडी मिशिगन किंवा ओहायोची असेल तर मिठाच्या रस्त्यांनी ब्रॅकेटचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. ते सोडवण्यात तुमचा रविवार जाईल.

बसवण्याच्या कामात मी दोनच जागांवर थांबतो, बाकी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आहे आणि बोल्ट किती आवळायचे तेही तिथेच बघा, इथे नाही.

पहिली जागा मागचा कॅलिपर. त्यातच हँडब्रेकची यंत्रणा आहे, म्हणून त्याचा पिस्टन सी-क्लॅम्पने दाबून आत जात नाही. जोर लावलात तर आतला स्क्रू बिघडतो. कॅलिपरच्या मागे १४ मिमी डोक्याचा एक बोल्ट दिसेल. तो काढला की आत ४ मिमी अ‍ॅलन की बसते. ती घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवली की पिस्टन आत सरकतो. नवे पॅड, डिस्क बसल्यावर तीच की घड्याळाच्या दिशेने फिरवत न्या, डिस्क हाताने फिरायची थांबेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. बोल्ट परत लावा. हे राहून गेलं तर काय होतं ते दर महिन्याला कोणीतरी गाडीतून घेऊन येतं: ‘दोनदा हवा काढली, तरी पेडल खोल जातंय.’ हवा नसतेच. मागचा पॅड डिस्कपासून लांब राहिलेला असतो आणि पेडलचा अर्धा प्रवास ती फट भरण्यात जातो. हँडब्रेक घट्ट न होता दांडा वर वर येत असेल तर शोध इथूनच सुरू करा.

दुसरी जागा डावं-उजवं. बसवल्यावर हवा काढायचा निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला असला पाहिजे. तो खाली दिसत असेल तर डावा कॅलिपर उजवीकडे गेलाय. बोल्ट जुळतात, सगळं बसतं, पण हवा वरच्या कोपऱ्यात अडकून राहते आणि दहा बाटल्या ऑइल ओतलं तरी निघत नाही. होजच्या बँजो बोल्टला (होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर नवे घाला. आणि होजच नवे घ्या. तीस वर्षांपेक्षा जुनं रबर आहे ते. बाहेरून गुळगुळीत दिसतं, आतून फुगलेलं असतं, दाब सोडल्यावर ऑइल परत येऊ देत नाही आणि एक चाक धरून ठेवतं. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि त्या चाकाची रिम बाकीच्यांपेक्षा तापत असेल तर बहुतेक हेच. मागच्या डिस्कमागचा पत्र्याचा संरक्षक पडदाही मोठ्या डिस्कला घासतो. तो कापावा किंवा वाकवावा लागतो. कापल्यावर कडा कानशीने घासा, नाहीतर पुढच्या वेळी हात कापून घ्याल.

चाकांचे नट ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. टॉर्क पान्याने आवळा, गनने नाही. असमान आवळलेला नट डिस्क वाकवतो आणि मग पेडल थरथरतं.

पॅड बसवायला, म्हणजे पॅडचा पातळ थर डिस्कवर चढवायला, रात्री उशिरा रिकामा रस्ता शोधा. १०० वरून २० पर्यंत दमदार ब्रेक, चाक जाम न करता, मग लगेच वेग घ्या आणि पुन्हा. आठ-दहा वेळा. पूर्ण थांबू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलात तर त्या जागी ठसा उमटतो आणि पुढे तिथे धडधडतं. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरवून निववा.

वाटणीची चाचणी त्यानंतर. मोठं रिकामं पार्किंग, कोरडी जमीन, एक माणूस बाहेर उभा करून त्याला चाकांकडे बघायला सांगायचं. ताशी ४० वरून, मग ६० वरून, पाय वाढवत न्या. पुढची चाकं आधी जाम झाली पाहिजेत, मागची त्यानंतर किंवा झालीच नाहीत तरी चालेल. मागची आधी जाम झाली तर त्या गाडीने रस्त्यावर जायचं नाही, ट्रॅकवर तर नाहीच. मागच्या लाईनमध्ये हाताने फिरवायचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घालून मागचा दाब कमी करता येतो. तो पुढच्या लाईनमध्ये कधीही घालू नये. फक्त लक्षात ठेवा, कोरड्यात बरोबर वाटलेली वाटणी ओल्यात मागे झुकू शकते, कारण ओल्यात ब्रेक हलका लागतो आणि हा व्हॉल्व्ह ठराविक दाबाच्या वरच मागचा दाब कमी करतो. म्हणून कोरड्यात जरा पुढे झुकलेली ठेवा.

तर तुमच्या ३०० डॉलरचं काय? १५ इंची रिम घ्यायचे तुम्ही ठरवलेच असतील आणि ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर चारही स्पोर्ट घ्या, घासाघीस करा, जुने पॅड-डिस्क त्याला परत द्या. नसेल तर पुढच्या महिन्यासाठी पॅड, ऑइल, होज, टायर. एवढ्या कामाला एक शनिवार-रविवार पुरतो आणि ट्रॅकवर गेल्यावर पहिल्यांदा ब्रेक कुठे लावायचा हेच शिकायचंय, त्याला २३५ पुरेशी आहे. १.८ चा संच त्यानंतर सावकाश गोळा करा. इन्शुरन्स कंपनीला बदल कळवून ठेवा, लेखी.

पुण्या-नाशिकहून वाचणाऱ्यांनी हे सगळं जसंच्या तसं आपल्या गाडीला लावू नये. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत पीसीडी (चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचं माप), नकल, डिस्कची टोपी बदललेली असते. ब्रॅकेट कापून-जोडून बसवणारे मिस्त्री सापडतात, पण वेल्ड केलेल्या ब्रॅकेटवर ब्रेकचा भार टाकलेली गाडी मी हातात घेत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकच लावलाय. काय बसतं, काय नाही, ते आधी आरटीओला विचारा.

लगुना सेकाला गेल्यावर एक करा. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू काढा. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात तिथे, आल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागच्या डिस्क तापलेल्या असतात, पॅड तिथे चिकटून ठसा सोडतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि पंधरा मिनिटांनी टॉर्क पाना घेऊन नट पुन्हा तपासा.